साडेवीस कंबर, सव्वाचार मनगट

आमच्या गल्लीत बातमी उठली की पक्कीवहिनींचा हात गेला. गेला म्हणजे तुटला नाही. गवयाचा गळा जातो, तसा शिवणाऱ्या बाईचा हात गेला. कुणी म्हणे मोतीबिंदू उतरलाय, कुणी म्हणे बोटं थरथरतात. चष्म्याच्या दुकानदाराच्या बायकोने तर शपथेवर सांगितलं, की सुईत दोरा ओवायला वहिनी आता जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारतात. पुरावा काय? शाळेला शिवून दिलेले बारा पट्टे. चार दिवसांत बाराच्या बारा उसवले.

खोटं कशाला बोलू, ही बातमी चौकापर्यंत पोचवण्यात माझ्या जिभेचा मोठा वाटा होता. रागाच्या भरात पसरवली. ती साफ खोटी आहे हे कळलं तेव्हा उशीर झाला होता, आणि सुटलेली बातमी काही हाक मारली म्हणून परत येत नाही. म्हणून हे लिहायला बसलोय. वहिनींचा हात गेला नव्हता. उलट आयुष्यात कधी चालला नसेल इतका तो त्या आठवड्यात चालला होता.

वहिनी म्हणजे माझ्या दिवंगत मित्राची बायको. 'पक्की' हे नाव त्यानेच ठेवलं. म्हणायचा, "आमची ही सगळं पक्कं करते. शिलाई पक्की, हिशेब पक्का, अबोलासुद्धा पक्का." मी वरच्या मजल्यावर राहतो, त्यांचं शिवणाचं दुकान बरोबर माझ्या पायाखाली. दहा बाय आठची खोली, खिडकीशी मशीन, मधे कापायचं टेबल, गिऱ्हाइकाला बसायला एक हातांची लाकडी खुर्ची. मशीन सुरू झालं की माझ्या कपातला चहा थरथरतो. त्यावरून मला वेळ कळते.

वहिनींचा एकच नियम: माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. नमुन्याला जुना सदरा नेऊन दिला तर म्हणणार, "सदरा ठेवा घरी, माणूस आणा." आणि ही सगळी मापं एका लांबुडक्या वहीत. गल्लीतलं प्रत्येक पोर त्या वहीत इंचाइंचाने वाढलंय. माझ्या पोटाचा तर सनावळीसकट इतिहास आहे तिथे, आणि मी फार थट्टा केली की वहिनी तो भर दुकानात मोठ्याने वाचून दाखवतात.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला, आणि तिथेच घोळ झाला.

शाळा सुरू झाली तेव्हा शिपायाच्या हाती चिठ्ठी आली होती: 'पट्टे, सहा नग, जाड कापड, मजबूत हवेत.' माप नाही. गणवेशाची घाई होती, वहिनींनी विचारलं नाही. शाळा, पट्टे, जाड कापड. त्यांनी आपल्या मनाने ठरवलं की बँडच्या ढोलाचे असणार. पोरांच्या खांद्याला काचू नयेत म्हणून आतून मऊ अस्तरसुद्धा लावलं. आणि शिलाई अशी, की टोकाला चौकोन, चौकोनात फुली, वरून परत एक फेरा. मला ओढून बघायला लावलं होतं. "हत्ती बांधला तरी उसवणार नाही," म्हणाल्या होत्या. किती खुशीत होत्या त्या दिवशी.

आता भिंगरीची ओळख करून देतो. भिंगरी सात वर्षांची, बेकरीत काम करणाऱ्या बाईची मुलगी. दोन-तीन शब्दांपलीकडे बोलत नाही. आनंद झाला की स्वतःभोवती फिरते, घाबरली तरी फिरते. दोन्हीतला फरक फक्त तिच्या आईला कळतो, आणि वहिनींना. शाळा सुटली की आई येईपर्यंत ती वहिनींच्या दुकानात बसायची. हाताला सतत काहीतरी लागतं तिच्या, म्हणून वहिनी तिला एक चिंधी द्यायच्या आणि ती त्यातला एकेक दोरा ओढून चिंधीची पार वाताहत करायची. गणवेशाचं माप घेताना ही पोरगी उभीच राहीना. शेवटी टेप घेऊन वहिनीच तिच्याभोवती फिरल्या, दोघी फिरल्या, आणि मी जिन्यावर बसून टाळ्या वाजवल्या. अर्ध्या तासाने वहीत उतरलं: कंबर साडेवीस, मनगट सव्वाचार.

दोन महिन्यांनी एका दुपारी शाळेचा शिपाई पिशवी घेऊन दुकानात आला. मी तिथेच होतो. मी तिथे नसतो कधी?

"वहिनी, हा एक पट्टा दुरुस्त करायचाय, आणि एक नवा हवाय. या वेळी माप दिलंय बघा."

वहिनींनी पट्टा हातात घेतला. कड बारीक-बारीक कुरतडलेली.

"शाळेत उंदरं झालीत का हो?"

"झालीत की," शिपाई म्हणाला, "दोन पायांची." आणि हसला. मीही हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी ती कड उजेडाकडे धरली होती, आणि मग मलाही दिसलं, ते दात उंदराचे नव्हते.

त्यांनी चिठ्ठी उघडली. "मनगट? ढोलाला मनगट कधीपासून फुटलं?"

"कसला ढोल?"

"हे बँडचे पट्टे ना?"

"बँड बंद होऊन तीन वर्षं झाली, वहिनी."

वहिनींनी वही काढली, अंगठा ओला केला, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "साडेवीस, सव्वाचार. माझ्या वहीत हे माप एकाच पोरीचं आहे."

शिपाई स्वतःच्या चपलांकडे बघायला लागला. "मी निरोप्या माणूस. ती वर्गात फिरत राहते, ऐकत नाही, म्हणून खुर्चीला जरा... अर्धा-पाऊण तास. मोठ्या पट्ट्यातून निसटते, म्हणून हा मापाचा. तरी ओरडली तर नकाशांच्या खोलीत ठेवतात. एकटीला. मग होते शांत."

"त्या खोलीची कडी आतून आहे की बाहेरून?"

शिपायाने पिशवी टेबलावर ठेवली आणि गेला.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "बसा जरा त्या खुर्चीवर."

"कशाला? माझं माप तर तुम्हाला तोंडपाठ आहे."

त्यांनी तोच पट्टा माझ्या कमरेला आवळला, उरलेल्या टोकांनी माझी मनगटं खुर्चीच्या हातांना बांधली. मी म्हटलं, "अहो वहिनी, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे तुम्हीच. आणि तुम्ही तर बांधलेले."

एवढं बोलून त्या मशीनवर जाऊन बसल्या, माझ्याकडे पाठ करून. पहिली दोन मिनिटं मी विनोद केले. मग नाक खाजायला लागलं. नाक खाजतंय आणि हात पोचत नाही, हे वाचायला गंमत वाटेल, वाटू दे. मग एक माशी येऊन कपाळावर बसली. मी म्हटलं, बस झालं वहिनी. मशीन चालूच. म्हटलं, पुरे. मशीन चालूच. शेवटी मी ओरडलो. पन्नाशी उलटलेला माणूस मी, ओळखीच्या दुकानात, ओळखीच्या बाईसमोर, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना.

वहिनींनी घड्याळ बघितलं. "सात मिनिटं."

मग गाठी सोडायला खाली वाकल्या. गाठी सुटल्या तरी वर बघेनात. "दुहेरी शिलाई," म्हणाल्या. "फुली मारून. माझ्याच हाताची."

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेत गेलो. मोठ्या बाईंच्या टेबलावर काच, काचेखाली वेळापत्रक, बाजूला घंटी. वहिनींनी पट्टा काचेवर ठेवला आणि विचारलं, "याने पोरीला बांधता?"

"बांधणं हा शब्द वापरू नका. आधाराचा पट्टा आहे तो. मुलगी खुर्चीतून पडते, तिला आम्ही सावरतो."

"आणि नकाशांची खोली?"

"शांत खोली म्हणतो आम्ही तिला."

वहिनी तडक उठून ती शांत खोली बघायला गेल्या. गुंडाळ्या करून कोपऱ्यात उभे केलेले नकाशे, एक सतरंजी, वर छताशी वहीएवढी खिडकी. कडी बाहेरून, वापरून वापरून चकचकीत झालेली. दाराच्या आतल्या बाजूचा रंग एका ठिकाणी खरवडून गेला होता. वहिनींच्या गळ्यात टेप असतोच. त्यांनी जमिनीपासून माप घेतलं. अडतीस इंच. हे कशाला मोजताय, असं मोठ्या बाईंनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "सवय."

बाहेर वर्गशिक्षिका भेटली. कोवळी पोरगीच ती, मनगटावर चावल्याची खूण. "मलाही नाही आवडत, काकू," ती हळूच म्हणाली. "त्रेचाळीस मुलं आणि मी एकटी. मदतनीस द्या म्हणून तीनदा लिहून दिलंय. उत्तर म्हणून हे पट्टे आले." आता हिच्यावर रागवायचं तरी कसं? राग नुसताच हातात घेऊन आम्ही उभे, ठेवायला जागा नाही.

मोठ्या बाईंनी शेवटचा कागद काढला. भिंगरीच्या आईची सही. 'मुलीच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक ते उपाय करण्यास माझी हरकत नाही.'

वहिनी तशाच बेकरीत गेल्या. भिंगरीची आई कोपरापर्यंत पिठात होती. तिने ऐकून घेतलं आणि हात जोडले, पीठ भुरभुरलं. "वहिनी, तुम्हाला हात जोडते, कुठे बोलू नका. चार शाळांनी नाही म्हटलं. ही पाचवी आहे. सहावी मला माहीत नाही."

"अगं, काल बाही वर करून बघितलं, तिच्या मनगटावर वळ आहेत."

"माहितीये. रोज मीच मलम लावते."



मग शिक्षण कार्यालय. पहिल्या खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, "तुम्ही पालक?"

"नाही."

"शिक्षक?"

"नाही."

"मग तुमचा संबंध काय?"

"तो पट्टा मी शिवलाय."

कारकुनाने पेन खाली ठेवलं, चष्मा वर केला. "बाई, मग चौकशी लागली तर पहिलं नाव तुमचंच येईल की हो."

दुसऱ्या खेपेला खिडकी बदलली होती. तिसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर. चौथ्या खेपेला अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारला, क्रमांक दिला आणि सांगितलं, "कळवू." परतताना मी दोन विनोद करून बघितले. भिंत तरी हसली असती.

आणि यानंतर काय व्हावं? शाळेकडून नवी मागणी आली. पट्ट्यांचा 'चांगला उपयोग' होतोय म्हणे, बाकीच्या वर्गांनाही हवेत, बारा नग. आणि वहिनी शिपायाला म्हणाल्या, "देते की. आनंदाने."

माझं टाळकंच सटकलं. "वहिनी, तुम्हीसुद्धा?"

"धंदा आहे, भावोजी. तुम्ही जीभ चालवता, मी मशीन चालवते."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. माझ्यासाठी तो विक्रमच. तिसऱ्या दिवशी जिन्यावरून खाली बघितलं तर काय, भिंगरी त्या हातांच्या खुर्चीत, कमरेला नवा पट्टा, आणि वहिनी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसून मनगटाच्या कापडी कडीत तिचा हात घालतायत! म्हटलं, झालं, आता पोरीवरच मापाला लावून बघतायत. पुढचं बघायला मी थांबलोच नाही. तिथेच चुकलो. ज्याने जन्मभर सगळं शेवटपर्यंत बघितलं, त्याने नेमकं तेच अर्धवट बघितलं.

म्हणून चार दिवसांनी पट्टे उसवल्याची खबर शिपायाकडून आली, तेव्हा मला आसुरी आनंद झाला. 'हात गेला, हात गेला' करत मी गल्ली पालथी घातली. मग राहवेना, वहिनींना डिवचायला दुकानात गेलो.

"काय वहिनी, हात गेला म्हणे?"

त्यांनी टेबलाखालून एक पट्टा काढून माझ्या अंगावर टाकला. "मनगटाच्या कडीत बोट घाला. अस्तराच्या आत लाल दोऱ्याचं शेपूट लागेल. ओढा."

ओढलं. सर्रर्र. टोकापासून टोकापर्यंत शिलाई निघाली आणि माझ्या हातात दोन चिंध्या राहिल्या.

धान्याच्या पोत्याचं तोंड शिवतात ना, एक टोक ओढलं की सगळं मोकळं होतं, तो टाका. वरून बघाल तर चौकोन, फुली, सगळं जिथल्या तिथे. पण सगळा नुसता दिखावा. शेपूट अशा जागी, की मनगट अडकवलं की बोटांना आपोआप लागावं. भिंगरीला एकदाच दाखवलं होतं. जन्मभर दोरे ओढणारी पोरगी ती, तिला काय शिकवायचं? ओढलं, पट्टा पडला, उठली आणि खोलीभर फिरली. तेवढंच नेमकं मी बघितलं नव्हतं.

माझं तोंड उघडं ते उघडंच होतं, तेवढ्यात मोठ्या बाई स्वतः दारात. मागे पिशवी घेऊन शिपाई. दुकानात तिघी-चौघी आया पोरांचे गणवेश सैल करून घ्यायला आलेल्या, आणि भिंगरीची आई नुकतीच बेकरीतून येऊन टेकलेली. मोठ्या बाईंनी पिशवी टेबलावर उपडी केली.

"हे काय आहे?"

"पट्टे," वहिनी म्हणाल्या.

"उसवलेले!"

"हो. छान उसवलेत."

"थट्टा करू नका. प्रत्येक वर्गात मुलांना कळलंय कुठलं शेपूट ओढायचं. त्या फिरणाऱ्या मुलीने शिकवलं सगळ्यांना."

"ती तर बोलत नाही ना?"

"बोलत नाही, पण करून दाखवते!"

"म्हणजे शाळेत काहीतरी करते म्हणायची."

एक आई फिसकन हसली. मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला. "हसण्यावारी नेऊ नका. उद्या सकाळपर्यंत हे सगळे पक्के शिवून हवेत. नाहीतर शाळेच्या गणवेशाचं काम पुढच्या वर्षी तुमच्याकडे येणार नाही, हे आत्ताच सांगते."

गणवेश म्हणजे वहिनींचं निम्मं वर्ष.  भिंगरीच्या आईने पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

यावर वहिनी काय बोलल्या, याच्या गल्लीत आज चार आवृत्त्या आहेत. एकीत त्यांनी कात्री उगारली. एकीत त्या रडल्या. चष्मेवालीच्या आवृत्तीत तर मोठ्या बाईंना घेरी आली. माझा यातल्या एकीशीही संबंध नाही. खरं उत्तर मी शेवटी सांगतो, जसंच्या तसं. आधी पुढचं सांगून टाकतो, म्हणजे कुणाला उगाच वाटायला नको की सगळं गोड झालं.

गणवेशाचं काम गेलं. रस्त्यापलीकडच्या दुकानात गेलं, आणि बाह्या अशा शिवल्यात की पोरं हात वर करू शकत नाहीत. पट्टे आता तयार मिळतात, प्लॅस्टिकच्या कुलपासारख्या चापाचे. त्यांना शेपूट नसतं. नकाशांच्या खोलीच्या कडीला तेल घातलंय, आवाज येत नाही आता. अर्जाचा क्रमांक आमच्याकडे आहे, उत्तर नाही. मी दर सोमवारी जातो. कारकून मला बघून आता खुर्ची देतो, बाकी काही देत नाही.

झालं ते एवढंच. त्या दिवशी मोठ्या बाई गेल्यावर भिंगरीची आई उठली, मापांच्या वहीचं एक कोरं पान मागितलं आणि पिठाच्या बोटांनी त्यावर लिहिलं: 'माझ्या मुलीला बांधायचं नाही, कोंडायचं नाही.' खाली सही. शाळेने तो कागद घेतला. तेव्हापासून भिंगरीला कुणी बांधत नाही. फक्त रोज साडेदहाला शिपाई तिला हाताला धरून दुकानात आणून सोडतो आणि म्हणतो, "आज जमत नाहीये म्हणाल्या." रोज. सुट्टी सोडून एक दिवस चुकत नाही. बाकीच्या आयांपैकी दोघींनी तसाच कागद लिहिला. उरलेल्या म्हणतात, बघू. आणि भिंगरी खिडकीशी बसून चिंध्यांचे दोरे ओढते, समोर दप्तर तसंच बंद. वहिनी तिच्याकडे बघतात आणि मशीन इतकं जोरात चालवतात, की वर माझा कप बशीतून सरकतो.

तर त्या दिवशीचं उत्तर. मोठ्या बाई म्हणाल्या, पक्के शिवून द्या. वहिनींनी गळ्यातला टेप काढला, हातांची खुर्ची पुढे ओढली, फडक्याने नीट पुसली आणि म्हणाल्या:

"देते की पक्के शिवून. पण माप घेतल्याशिवाय मी शिवत नाही. मागे एकदा शिवलं, त्याचा पस्तावा अजून आहे. या, बसा बाई या खुर्चीवर. हात असे दोन्हीकडे ठेवा. आणि भावोजी, जाताना दार बाहेरून लावून घ्या."